मूर्ती, मालक आणि मैदान

नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जगातला चांगला फुटबॉल येऊन गेला आहे. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे हरवले ते इथे. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच झाला आणि स्पेनने कोलंबियावर एका गोलने मात केली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आशियाई महिला स्पर्धेत भारताचा संघ इथे इराणशी गोलशून्य बरोबरीत खेळला आणि मग कोरोनाने संघालाच गाठल्यामुळे पुढचा सामना न खेळताच स्पर्धेबाहेर पडला. त्याआधी, २०१४ आणि २०१५ मध्ये, मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान हेच होते. निकोला अनेल्कासारखा खेळाडू निळी जर्सी घालून या हिरवळीवर धावला. २०१६ ला संघाने अंधेरीला बिऱ्हाड हलवले. तेव्हापासून हे स्टेडियम फुटबॉलच्या पाहुण्यांची सरबराई करते, घरचे मात्र कुणी नाही.

या नवी मुंबईच्या दक्षिण अंगाला न्हावा शेवा. २६ मे १९८९ ला इथे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून निघालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू इथल्या चिर्ल्याला जमिनीवर टेकला आणि त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत पोचली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. उलवे आणि द्रोणागिरीत टॉवर उभे राहिले. बंदर झाले, पूल झाला, गाडी झाली, विमान झाले. आता या शहराला आपला म्हणावा असा एक व्यावसायिक फुटबॉल संघ असावा, असे कुणाच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. फ्लॅट बुक करावा तसा संघही पैसे मोजले की ताब्यात येईल, अशी समजूत मात्र त्या इच्छेच्या पाठोपाठ येते.

संघ आणायचा म्हणजे नेमके काय आणायचे? वरवर हा हिशेबाचा प्रश्न दिसतो. आत शिरले की तो तत्त्वज्ञानाचा निघतो, आणि या देशात त्यावर दोनेक हजार वर्षे डोकेफोड झालेली आहे.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथात बसून आलेला. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? चाके म्हणजे रथ का? आस? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे काढून ठेवल्यावर उरते तो रथ का? तेही नाही. नागसेनाचे म्हणणे असे, की या भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले ते नाव आहे. आत रथ नावाची वेगळी वस्तू बसलेली नाही. माणसाचेही तेच.

रथाच्या जागी संघ ठेवून पाहावे. अकरा खेळाडू म्हणजे संघ म्हणावे, तर ते दर हंगामात बदलतात. प्रशिक्षक म्हणावा, तर चार सामने हरले की त्याच्या हातात नारळ. मैदान, मालक, जर्सी, नाव, सगळेच सुटे. बौद्ध विचाराला या उत्तराने माणसाचा अहंकार सोडवायचा होता. फुटबॉलच्या बाजाराला तेच उत्तर भलत्याच कारणासाठी सोयीचे पडते: आत काहीच नाही म्हटल्यावर सुटे भाग कुठेही नेऊन जोडता येतात.

पुण्याने हे अनुभवले आहे. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले आणि त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग जन्मली. शहरांसाठी बोली लागल्या. पुणे वाधवान समूहाकडे गेले, हृतिक रोशन भागीदार झाला आणि एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळू लागली. ऑरेंज आर्मी नावाने जमणारे तरुण ढोल घेऊन स्टेडियमवर येऊ लागले. मार्च २०१८ मध्ये संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळूरूशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल करून पुण्याचा खेळ आटोपला. दीड वर्षात संघही आटोपला. ऑगस्ट २०१९ मध्ये मालकांचे आर्थिक कंबरडे मोडले होते. लीगमधली पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. मार्च २०२२ मध्ये हैदराबाद एफसीने मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवले. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०२५ मध्ये हैदराबादचाही संसार उठला आणि संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत गेला.

पुणे, हैदराबाद, दिल्ली: तीन शहरे, एकच जागा. जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला दाखला इथे लावण्याचा मोह होतो. लावून पाहिला की तो बसत नाही. पुनर्जन्माच्या सिद्धांतात कर्म जिवाबरोबर जाते. इथे कर्म मागे राहिले. छेत्रीच्या त्या तीन गोलांचे दुःख हैदराबादकडे वर्ग झाले नाही. ज्यांना झाले ते पुण्यातच नोकऱ्या करत राहिले. आणि फातोर्ड्याच्या विजयाचे पुण्य पुण्याच्या खात्यावर कुणी लिहिले नाही. म्हणजे जे हलले ते कागद, परवाना आणि काही करार. जे हलले नाही त्याला काय म्हणायचे?

फुटबॉल हा धर्म आहे, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याने काहीच सांगून होत नाही. गर्दी, घोषणा, अंगावर रंग एवढ्यावर धर्म होत असता तर प्रत्येक निवडणूक धर्मच ठरली असती. धर्माकडून इथे शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आणि जास्त काटेकोर आहे: देव एखाद्या जागी कसा राहतो, तिथून तो हलवता येतो का, आणि त्याच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा.

महाराष्ट्राला यासाठी लांब जावे लागत नाही. परंपरा सांगते की विजयनगरचा राजा कृष्णदेवराय पंढरीची मूर्ती हंपीला घेऊन गेला आणि पैठणचे भानुदास महाराज, एकनाथांचे पणजोबा, ती परत घेऊन आले. इतिहासकार या कथेचा कितपत पुरावा मानतात हा निराळा वाद. पण हंपीला जाऊन पाहणाऱ्याला कथेची ताकद कळते. तिथले विठ्ठल मंदिर म्हणजे दक्षिणेतल्या शिल्पकलेचा कळस: सूर देणारे खांब, अंगणात दगडी रथ, ज्याचे चित्र आज पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. सम्राटाचे वैभव, कारागिरांच्या पिढ्या, सगळे पणाला लागले आणि आत कुणी राहिले नाही. पंढरपूरला तुलनेने साधे दगडी मंदिर, नदीला कधी पाणी कधी चिखल, आणि आषाढीला लाखांची रांग.

न्हावा शेवासमोरच्या घारापुरी बेटावर याच्या उलट अवस्था आहे. बेट उरण तालुक्यातलेच. लेण्यातली त्रिमुख शिवमूर्ती जिथे कोरली तिथेच, कुणी हलवलेली नाही. हलवता येणारही नाही. १९८७ पासून ती जागतिक वारशात आहे. राखण पुरातत्त्व खात्याची, येणारे बहुतेक तिकीट काढून येतात, फोटो काढतात आणि शेवटची लाँच पकडतात. महाशिवरात्रीला गर्दी होते ती वगळता तिथे नित्याचा उपचार नाही. तेव्हा मूर्ती जागेवर असली म्हणजे देवस्थान जागते असते, असेही नाही. मूर्ती नाही ते हंपी, मूर्ती आहे पण नित्यपूजा नाही ती घारापुरी, आणि दोन्ही आहेत ते पंढरपूर. नेरुळचे स्टेडियम यातल्या कशात बसते ते वाचकाने ठरवावे.

भानुदासांची कथा इंग्लंडमध्ये एकविसाव्या शतकात घडली, तीही कागदोपत्री नोंदींसह. विम्बल्डन एफसी हा दक्षिण लंडनचा संघ. १९८८ ला त्याने लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. मे २००२ मध्ये फुटबॉल संघटनेच्या समितीने मालकांना तो संघ तिथून सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नियोजित नव्या शहरात न्यायला परवानगी दिली. मिल्टन कीन्सला संघ हवा होता, स्टेडियम बांधायचे होते, पैसे होते. विम्बल्डनच्या लोकांनी काही आठवड्यांतच गावच्या मोकळ्या माळावर निवड चाचण्या घेऊन एएफसी विम्बल्डन नावाचा नवा संघ उभा केला, खूप खालच्या लीगमधून सुरुवात केली, २०११ ला व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर परतले. दरम्यान २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने विम्बल्डनचे चषक आणि इतिहास तिथल्या मर्टन पालिकेच्या स्वाधीन केला. कायद्याने वारस असलेल्याने वारसा परत केला. नागसेनाच्या हिशेबात हे बसत नाही. सगळे भाग एकीकडे गेले आणि रथ दुसरीकडे निघाला.

यावर कुणी वकील म्हणेल, भावना ठीक आहेत, पण मालकी ती मालकी. गंमत म्हणजे नेमक्या याच मुद्द्यावर भारतीय कायदा फुटबॉलच्या बाजारापेक्षा पुढे आहे. १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मलिक घराण्याचा दावा आला. कुलदैवताची पूजा वारसांनी पाळीपाळीने करायची. त्यातल्या एकाला आपली पाळी आली की मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती. न्यायाधीशांनी सांगितले की मूर्ती ही कपाट-खुर्चीसारखी जंगम मालमत्ता नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिने कुठे राहावे याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा प्रतिनिधी नेमला पाहिजे. पूजा करणारा सेवक आहे, व्यवस्थापक आहे, मालक नाही.

पंढरपुरात हाच निवाडा जास्त कटकटीने आणि जास्त वर्षांनी लागला. बडवे आणि उत्पात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल-रुक्मिणीच्या सेवेत होते. सेवेतून उत्पन्न आले, उत्पन्नातून हक्क आला, हक्कातून ताठा. १९७३ ला राज्य सरकारने पंढरपूर मंदिरे कायदा केला, त्यावर चार दशके खटले चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांची बाजू फेटाळली. आता तिथे समिती आहे. समितीचा कारभार निर्दोष आहे असे कुणी वारकरीही म्हणणार नाही. पण देव कुणा घराण्याचा नाही, एवढे निदान कागदावर आले.

फुटबॉलच्या मालकाला या पट्टीने मोजले तर तो वहिवाटदार ठरतो. त्याने पैसे घालावेत, नाव मिळवावे, फायदाही घ्यावा. मूर्ती उचलून नेण्याचा अधिकार त्याला नाही. जर्मनीत क्लबच्या मतांपैकी पन्नास टक्क्यांहून एक जास्त मत सभासदांकडे राहील, असा नियम १९९८ पासून आहे. इंग्लंडने २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला आणि त्यात घरचे मैदान बदलणे मालकाच्या लहरीवर सोडले नाही. आपल्याकडे मूर्तीला मिळालेले संरक्षण संघाला नाही. मुंबई सिटीत २०१९ ला मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा केवढे कौतुक झाले. लीगचा करारच संपून भारतीय फुटबॉल अधांतरी लटकला, तेव्हा २०२५ च्या डिसेंबरात तो समूह हिस्सा सोडून निघूनही गेला. अंधेरीच्या पश्चिम बाजूच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या वेस्ट ब्लॉक ब्लूज या समर्थकांना कुणी विचारले नव्हते, येतानाही आणि जातानाही.

कंपन्यांचे संघ याहून वेगळे नव्हते, फक्त जास्त प्रामाणिक होते. महिंद्राचा संघ १९६२ पासून होता, राष्ट्रीय लीग जिंकलेला; २०१० ला कंपनीने तो बंद केला. उरणला ओएनजीसीचा प्रकल्प, न्हाव्याला तिचा पुरवठा तळ, आणि या ओएनजीसीचा संघ देशाच्या आय-लीगमध्ये खेळत असे. २०१३ ला क्लब परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून एअर इंडियाबरोबर त्यालाही बाहेर काढले गेले. उरणच्या बाजारात त्यासाठी दुकाने बंद झाली नाहीत. तो संघ उरणचा नव्हताच, कंपनीचा होता. खेळाडूला नोकरी मिळत होती, ही त्यातली खरी आणि मोलाची गोष्ट.

मग भक्त आधी की देव आधी? पुंडलिकाच्या कथेत देव पंढरीला जिंकायला किंवा वसाहत करायला आला नाही. एक मुलगा आईवडिलांची सेवा करत होता, त्याच्यासाठी आला, आणि त्याने थांब म्हटले म्हणून थांबला. मंदिर नंतर झाले, शहर त्याहून नंतर.

हा क्रम कॅनडातल्या हॅलिफॅक्सने पाळला. तेही बंदराचे शहर, कंटेनरचे, गलबतांचे; २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे चार लाख चाळीस हजार. आइस हॉकीच्या या देशात २०१९ ला कॅनेडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि हॅलिफॅक्स वाँडरर्स त्यात उतरले. पण त्यांचे समर्थक मंडळ संघाच्या आधीच स्थापन झाले होते. संघ नाही, मैदान नाही, लीगचा पत्ता नाही, आणि ही मंडळी फलक रंगवून तयार. नाव घेतले प्रायव्हटियर्स १८८२. प्रायव्हटियर म्हणजे सरकारी परवाना घेऊन समुद्रात शत्रूची जहाजे लुटणारे. (आंग्ऱ्यांच्या किनाऱ्यावरच्या वाचकाला या धंद्याची वेगळी ओळख करून द्यायला नको, इंग्रज त्यांना बिनपरवाना समजत, एवढाच फरक.) १८८२ हे साल गावातल्या जुन्या वाँडरर्स क्रीडा मंडळाचे. मैदानही त्याच मंडळाच्या नावाचे, शहराच्या मधोमध. त्यावर काँक्रीटचा वाडगा न बांधता जोडून-सोडून ठेवता येतील अशा पायऱ्या उभारल्या, साडेसहा हजारांच्या आसपास माणसे बसतील एवढ्याच. ४ मे २०१९ ला पहिला घरचा सामना झाला आणि तो त्यांनी जिंकलाही. म्हणून सगळे सुरळीत असते असे नाही. याच लीगमध्ये एडमंटनचा संघ २०२२ नंतर बंद पडला, आणि एडमंटन हॅलिफॅक्सपेक्षा मोठे शहर आहे.

महाराष्ट्रात भक्त आधी असलेले शहर एकच आहे. २०११ ला साडेपाच लाख वस्तीचे कोल्हापूर. तिथे व्यावसायिक संघ नाही, आणि फुटबॉल सगळ्यांत जास्त आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या मुळात कुस्तीच्या तालमी. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही मंडळे. लाल मातीत घुमलेल्या पेठा आता शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात. घरात मूल जन्मले की त्याची तालीम ठरलेली असते, नाव ठेवायचे नंतर. सामन्याच्या दिवशी पेठेतल्या गल्लीत झेंडे लागतात, आजोबा टोपी घालून निघतात, आणि रेफ्रीच्या एका चुकीवर आठवडाभर कट्ट्यावर न्यायालय बसते. तालमींनी वर्गणी काढून नायजेरियाचेही खेळाडू खेळवले. उद्या एखाद्या उद्योगपतीने पाटाकडील तालीम उचलून सोलापूरला नेतो म्हटले, तर काय होईल याची कल्पना कोल्हापूर माहीत असलेल्याने करावी. तो माणूस शहाणा असेल तर रंकाळ्यापर्यंतही पोचणार नाही.

पण कोल्हापूरच या विचारातली दुसरी बाजूही दाखवते. तिथे समर्थकांच्या मारामाऱ्यांनी सामने थांबले आहेत, दगड आणि बाटल्या मैदानात आल्या आहेत. माझ्या तालमीचे प्रेम दुसऱ्या पेठेच्या द्वेषावर पोसले जाते. भक्ती आपोआप मोठ्या मनाची नसते. पंढरपूरच्या इतिहासात हे लख्ख लिहिलेले आहे: चोखोबांपेक्षा जवळचा भक्त विठ्ठलाला कोण होता? त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे, आत नाही. दलितांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने होते. ज्यांनी दार अडवले त्यांचाही दावा हाच होता, की आम्ही इथले, आम्ही जुने, देव आमचा. संघ गावाचा, असे म्हणताना गाव म्हणजे कोण हे विचारणे म्हणून भाग आहे.

न्हावा शेव्याला हा प्रश्न फार टोचतो. इथली जमीन आगरी-कोळ्यांची: भातखाचरे, मिठागरे, खाडीतली मासेमारी. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील, ज्यांचे नाव विमानतळाला द्यावे म्हणून पुढे पुन्हा आंदोलन झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, त्याचे पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झाले आणि तिथली घरे वाळवीने पोखरली. पुन्हा चांगल्या जागी वसवा, ही त्यांची मागणी पुढच्या पिढीपर्यंत आली. गाव हलवणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कुणी तत्त्वज्ञाने समजावून सांगायला नको. आणि आज इथेच उत्तर प्रदेशचा ट्रेलर ड्रायव्हर आहे, बिहारचा माथाडी आहे, यार्डात रात्रपाळी करणारा सोलापूरचा पोरगा आहे, उलव्यात कर्ज काढून फ्लॅट घेतलेले कुटुंब आहे. यांतले गाव कोण?

मूर्तीच्या खटल्यातला विचार इथे कामाला येतो. त्यातून जन्मापेक्षा सेवा पाहायची, असा अर्थ काढता येतो. जो नेमाने येतो, पाळी चुकवत नाही, हरल्यावरही पुढच्या रविवारी हजर असतो, तो इथला. जासईचा आगरी आणि आझमगडचा ड्रायव्हर एकाच पायरीवर बसून तीन महिने भिजले, की त्यांच्यात जे तयार होते ते कुठल्याही करारात लिहिता येत नाही. तेच हलत नाही. पुण्यात मागे राहिले ते हेच.

या भागात खेळाचे वेड नाही असे कुणी म्हणू नये. रायगडची कबड्डी मुंबईच्या मैदानांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. पावसाळा सरला की गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटचे सामने लागतात: कापलेल्या भातशेतावर चुना, मंडप, मंडपात नेत्यांच्या फोटोंखाली उंच चषकांची रांग, आणि स्पीकरवर आगरी बोलीत असे समालोचन की बाद झालेला फलंदाजही हसत बाहेर जातो. वर्गणी गावाची, संघ गावाचा, नाव ग्रामदैवताचे. या लोकांना संघ असणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. फुटबॉल त्यांना आवडेल की नाही हा पुढचा प्रश्न. न आवडला तर तोही त्यांचा अधिकार.

गागोदे हे विनोबांचे जन्मगाव याच जिल्ह्यात, पेण तालुक्यात. ज्याच्या हाती जमीन आहे तो तिचा विश्वस्त आहे, हे सांगत ते तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी फिरले. भूदानातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. विचार मात्र खोटा ठरला नाही. फुटबॉल संघाला तो लावणे जमिनीला लावण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, कारण इथे कुणाची भाकरी हिसकावून घ्यायची नाही, फक्त काही गोष्टी विकत मिळणार नाहीत असे आधी ठरवायचे आहे.

तेव्हा न्हावा शेव्याला, पनवेलला किंवा उलव्याला कुणी संघ आणू म्हणाला तर त्याचे स्वागत करावे आणि चार अटी घालाव्यात. संघाचे नाव, रंग आणि गाव सभासदांच्या मताशिवाय बदलणार नाही. सभासदत्व महिन्याच्या मोबाईल रिचार्जएवढ्या पैशात, जात-गाव-प्रांत न विचारता मिळेल. मालक सोडून गेला तर नाव आणि इतिहास स्थानिक संस्थेकडे राहील. आणि सुरुवात पंचेचाळीस हजारांच्या स्टेडियमपासून होणार नाही. पाच हजारांच्या पायऱ्या पुरे, त्या भरेपर्यंत दुसऱ्या बांधायच्या नाहीत. या अटी ऐकून जो गुंतवणूकदार उठून जाईल तो नंतरही उठून गेलाच असता.

अटल सेतूच्या टोकाला होऊ घातलेल्या तिसऱ्या मुंबईच्या आराखड्यात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे येतात आणि त्यांपैकी अनेकांनी हरकती घेतल्या आहेत. त्या हरकतींच्या यादीत ग्रामसभांनी आणखी एक मागणी घालावी: गावाच्या नावावर, कुणालाही भाडेपट्ट्याने देता येणार नाही असे एक मोकळे मैदान, संघ येण्याच्या आधी.